दुसऱ्या ड्रायव्हरची जागा

झालेश्ये, पोलंड,
रविवार, ४ नोव्हेंबर २००७

प्रिय बोग्ना,

पत्राच्या पहिल्या ओळीत येशूचं नाव घेतो, आणि तू खुशाल आहेस असं धरून पुढे लिहितो. आम्ही इकडे बरे आहोत. थंडी पडल्यापासून आईचा गुडघा पुन्हा दुखतो आहे. तिला जरा बस म्हटलं की ती मुद्दाम काहीतरी घासायला उठते. बटाटे काढून झाले. ठिपक्यांची गाय विकली. आता दोघांपुरतं दूध शेजारच्या स्तेफान्याकाकूंकडून येतं, आणि दुधाबरोबर सगळ्या गावाच्या बातम्याही येतात.

गुरुवारी मृतांचा सण झाला. आजीच्या थडग्यावर तुझ्या नावाने एक मेणबत्ती लावली. वारा फार होता, ती तीनदा विझली. आई म्हणाली, "पोरीसारखीच हट्टी आहे." चौथ्यांदा लावून मी टोपीचा आडोसा धरला, तेव्हा कुठे राहिली.

माझं काम तेच. महिन्यातून तीनदा इंग्लंड. जाताना गोठवलेली मशरूम, येताना मिळेल ते. मागच्या खेपेला फ्रान्समधल्या कॅले बंदराच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर किंगा नावाची एक मुलगी भेटली. ल्युब्लिनला शिकते. पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी आणि हातात पुठ्ठ्याची पाटी. खिडकीखाली येऊन म्हणाली, "काका, दुसरी जागा रिकामी आहे ना? मी घोरत नाही आणि राजकारणावर बोलत नाही."

तुला माहीत असेलच, ट्रकच्या बोटीच्या तिकिटात दोन ड्रायव्हर धरलेले असतात. दुसरा असो वा नसो, भाडं तेच. आमच्यापैकी बरेचजण इंग्लिश खाडी ओलांडताना कुणाला तरी त्या जागेवर बसवतात, चौकीवर नाव देतात आणि पलीकडे उतरवतात. कंपनीला आवडत नाही, पण कंपनी कॅलेला येऊन बघत नाही.

बोटीवर ड्रायव्हरांची वेगळी खानावळ आहे. तिथे किंगाने मासे आणि बटाट्याचे दोन डोंगर संपवले. आमचा जाडा लुत्सेक पलीकडच्या टेबलावरून ओरडला, "झेनेक, तुझा दुसरा ड्रायव्हर वेणी घालतो की काय?" ती मान वर न करता म्हणाली, "घालतो. आणि गाडी मागे घेताना खांब पाडत नाही." आदल्या आठवड्यात लुत्सेकने खांब पाडला होता, हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे. सगळी खानावळ हसली. मीही हसलो.

वाटेत तुझा विषय निघाला होता. डोव्हरला उतरताना तिने विचारलं, "काका, तुमची मुलगी इकडेच असते ना? मग भेटत असाल नेहमी."

मी म्हटलं, "भेटतो." असं खोटं बोललो. ते तुला कळवावंसं वाटलं.

कँटरबरीत थंडी असेल. त्या वृद्धाश्रमात रात्रपाळी अजून लावतात का? म्हातारी माणसं उचलताना कंबर सांभाळ. उत्तर लिहायलाच हवं असं नाही. आई रोज टपालवाल्याच्या सायकलचा आवाज ऐकते, एवढंच.

देव तुला सांभाळो.
बाबा


शनिवार, १ डिसेंबर २००७
बोटीवर, कॅले ते डोव्हर

बोग्ना,

तुझं कार्ड आलं. सव्वा वर्षानंतर तुझं अक्षर दिसलं. आईने ते आधी ओठांना लावलं, मग वाचलं, मग माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "तुलाच विचारलंय. तूच उत्तर दे."

तू एकच ओळ लिहिलीस: 'बाबा, तुम्ही लोकांना गाडीत घ्यायला कधीपासून लागलात?'

बरोबर विचारलंस. तू लहान असताना, सुट्टीत तुला शेजारी बसवून ग्दान्स्कपर्यंत नेत असे, तेव्हा रस्त्यावर अंगठा दाखवणारे दिसले की मी म्हणायचो, ज्याला जायचंय त्याने आपल्या पैशाने जावं. तू त्यांना काचेतून हात हलवायचीस आणि मी तुला रागे भरायचो.

कधीपासून, ते मला तारखेने माहीत आहे. १८ सप्टेंबर २००४, परतीच्या बोटीपासून. ते त्या दिवशी का सुरू झालं, हे सांगायचं तर आदला दिवस सांगावा लागतो. तो मी आजवर दोनदा लिहायला घेतला आणि दोन्ही वेळा कागद चुलीत घातला. आज बोट हलते आहे, अक्षर वाकडं येतं आहे, पण इथे चूल नाही.

तू घर सोडलंस त्याला चार दिवस झाले होते. त्या भांडणात मी काय बोललो ते तुला आठवतं, मलाही आठवतं. 'जा, पण माझ्या गाडीची वाट बघू नकोस.' तू म्हणालीस, "जगात तुमची एकच गाडी नाही." आणि निघालीस, जर्मनीभर लोकांच्या गाड्यांतून.

१७ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास मी कॅलेच्या त्याच पंपाजवळ पोचलो. पाऊस नव्हता, धुकं नव्हतं. स्वच्छ ऊन होतं. पंपातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर तू उभी होतीस. आईने विणलेली तांबडी टोपी मी दोनशे मीटरवरून ओळखली. कंपनीने त्याच महिन्यात मला नवा निळा ट्रक दिला होता, तो तू पाहिलेला नव्हतास. तू गाडीची पोलंडची नंबरपाटी बघितलीस आणि हसलीस. आपल्याकडची गाडी दिसली म्हणून हसलीस. हात वर केलास.

मी थांबलो नाही.

नजर चुकली असं म्हणायला मला आवडलं असतं. मागे गाड्या होत्या, ब्रेक दाबता आला नाही, असंही मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं एवढंच की माझा पाय ब्रेकवर गेला होता आणि मी तो उचलला. मनात म्हटलं, उभी राहू दे तासभर, पाय दुखले की घरी येईल. एवढंच. बापाने पोरीला शिकवायचा धडा.

चौकीतल्या बाईने काचेमागून विचारलं, "दोन जण?" मी म्हटलं, "एकटाच." ती रोज सगळ्यांना विचारते तसंच तिने विचारलं होतं.

बोट सुटल्यावर मी वर डेकवर गेलो. मागे किनारा बारीक होत गेला. तेव्हा मला कळलं की तू घरी येणार नाहीस, आणि आता मला परत फिरता येणार नाही. दीड तास मी कठड्याला धरून उभा होतो आणि हातात जपमाळ असून एकही प्रार्थना आठवेना. दुसऱ्या दिवशी परत आलो, तर पंपावर तू नव्हतीस. तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "काल होती एक टोपीवाली. सहा तास होती. मग एका हॉलंडवाल्याने नेली." डोव्हरहून त्या बोटीत चढतानाच मी एका विद्यार्थ्याला दुसऱ्या जागेवर बसवून आणलं होतं. तेव्हापासून रिकाम्या जागेने खाडी ओलांडलेली नाही.

तू मला ओळखलंस का? तीन वर्षं मी हेच स्वतःला विचारतो आहे. ओळखलं असलंस, तर तू घरी का येत नाहीस ते कळतं. नसलंस, तर आज मी स्वतःच तुला ते सांगून टाकलं. कसंही असलं तरी तुला खरं कळायला हवं होतं.

त्या वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईने नेहमीसारखं एक ताट जास्त मांडलं, वाटेवरून कुणी अनोळखी आलाच तर त्याच्यासाठी. पवित्र पोळी मोडताना ती म्हणाली, "बोग्नाला आज कुणीतरी जेवायला बसवलं असेल ना रे?" मी गाईला पाणी द्यायचं राहिलं म्हणून उठलो आणि गोठ्यात जाऊन बसलो. एवढी वर्षं ते ताट आपण मांडतो. माझे वडील मांडायचे, त्यांचेही मांडायचे. एकदाही कुणी आलं नाही. आणि मला एकदाच, भर उन्हात, वाटेवर माणूस भेटलं.

आईला अजून सांगितलेलं नाही. फादर मारेक यांच्यापाशी कबुली दिली. ते म्हणाले, "झेनॉन, देवाला हे केव्हाचं माहीत आहे. जिला माहीत नाही, तिला सांग."

आता समोर डोव्हरचे कडे दिसायला लागले आहेत. उरलेलं थोडक्यात लिहितो.

२० डिसेंबरला, गुरुवारी, मी परतीच्या वाटेवर डोव्हरला असेन. बोट चारची आहे. दुसऱ्या ड्रायव्हरच्या नावापुढे 'बोग्ना' लिहायचं, असं मी ठरवलं आहे. आलीस तर चोवीसच्या आत घरी पोचू, आणि नाताळनंतरच्या पहिल्याच खेपेला तुला कँटरबरीत आणून सोडीन. तुला राहायला सांगणार नाही. वाटेत काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस. आपला देश येईपर्यंत दोन दिवस लागतात, गप्प बसायला जागा भरपूर आहे.

कँटरबरीहून येणारी बस बंदराच्या अलीकडे चढावर थांबते. बारा वाजल्यापासून मी तिथे असेन. गाडीत बसून राहणार नाही. खाली उतरून, रस्त्याच्या कडेला उभा राहीन, म्हणजे बसमधून तुला आधी दिसेन आणि उतरायचं की नाही ते ठरवायला तुला वेळ मिळेल. तू न उतरता पुढे गेलीस, तर ते मी समजून घेईन. पुढे जाणाऱ्याच्या मनात काय असतं, ते मला ठाऊक आहे. उभं राहणाऱ्याच्या मनात काय असतं, तेवढं अजून शिकायचं आहे.

तू सहा तास उभी होतीस. मी चार वाजेपर्यंत उभा राहीन. बोट चुकली तरी सहापर्यंत.

तुझा बाबा,
झेनॉन