कोरं बोट

ती. अण्णा, तुमच्या आणि आईच्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे, कंपनीत ओव्हरटाइमही मिळतोय. काल इथं निघोज्यात मतदान झालं. घरमालक अर्जुनरावांनी आपल्या माणसाला मतं मिळावीत म्हणून सगळ्या भाडेकरूंची नावं इथल्या यादीत घालायला लावली होती, माझंही गावाकडून काढून. पण केंद्रावर नाव सापडलंच नाही. तिथल्या कर्मचारी बाईंनी दोनदा यादी चाळली आणि पुढच्याला बोलावलं.

संध्याकाळी अर्जुनराव खोलीखोलीत बोटावरची शाई बघत फिरले. माझं बोट कोरं. "मुद्दाम गेला न्हाईस, व्हय?" म्हणाले. मी खरं सांगितलं, त्यांना पटलं नाही. दुसरी खोली बघतोय, काळजी करू नका.

आईचा गुडघा कसा आहे? आणि गावच्या यादीत माझं नाव चुकून राहिलंय का, तेवढं बघा. कुठंतरी असेलच ना.

तुमचा,
नवनाथ