छत्तीसच्या फिल्मवर एकेचाळीस फोटो

बैरूत, २ जून १९४७
धाकट्या भावाचं, अर्शाविरचं, नाव मायदेशी परतणाऱ्यांच्या यादीत लागलं. तो, त्याची बायको आणि आमची आई, तिघं बोटीने सोविएत आर्मेनियाला चालले. कायमचे. निश्चय: बंदरावर फोटो मीच काढणार. एकवीस वर्षं स्टुडिओ उगाच नाही चालवला.

५ जून
फ्रेंच सैन्य गेलं तेव्हा एका सार्जंटकडून घेतलेला छोटा कॅमेरा बाहेर काढला. तळाचं झाकण उघडून फिल्म आत सरकवायची. सार्जंट म्हणाला होता, आधी टोक अर्धी वीत निमुळतं कापा, नाहीतर रीळ ते धरत नाही. आणि उजेडात, बघून भरा. उजेडात! काळ्या कापडाखाली चाचपून काचेच्या प्लेटा भरण्यात माझी हयात गेली. चांगली फिल्म कापायची म्हणजे शिपायांची उधळपट्टी.

११ जून, सकाळ
कापडाखाली भरली. न कापता. अर्ध्या मिनिटात. बायकोचं, वार्तेनीचं, मधेच सुरू: अहो, चावी दिली की हे डावीकडचं बटणही फिरतं म्हणाला होता ना तो? हे तर ढिम्म आहे. म्हटलं, तू चुलीवरचा तुझा डोल्मा बघ.

११ जून, संध्याकाळ
बोट गेली. बँड, रडारड, चेंगराचेंगरी. मी डगमगलो नाही. कॅमेऱ्यावरून डोळा हलवला नाही. अर्शाविर म्हणाला, दादा, ठेव ना ते, एकदा जवळ ये. म्हटलं, उजेड जातोय, तसाच उभा राहा. आईला तीनदा रुमाल हलवायला लावला. छत्तीसच्या फिल्मवर एकेचाळीस फोटो निघाले! हातगुण असतो एकेकाचा. वार्तेनी घरी येईपर्यंत चार पावलं पुढेच चालत होती. जळते.

१२ जून
फिल्म उलटी गुंडाळायला दोन वळसे पुरले. झकास यंत्र.
दुपारी धुतली. कोरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ. औषध शिळं असणार.

१३ जून
औषध ताजं होतं. रिळाने टोक धरलंच नव्हतं. पूर्ण वेळ नुसती चावी फिरवत होतो. सार्जंटने नीट बजावून सांगायला हवं होतं. वार्तेनीला म्हटलं, छापायला वेळ लागतो. लागू दे, म्हणाली. मग आत जाऊन रडली. मला फार लाज वाटली.

९ ऑक्टोबर
आईचं पत्र, अर्शाविरच्या अक्षरात. फोटो कधी पाठवतोस? इथल्या बायकांना दाखवायचेत. आणि तुझाही एक पाठव. बंदरावर तो डबा सारखा तुझ्या तोंडासमोर होता, बाळा. तुझा चेहरा काही दिसलाच नाही मला.
उत्तर लिहायला बसलो. लिहिलं, फोटोत तुम्ही सगळे छान आला आहात.