प्रश्न सातवा

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला सर्वेक्षणाचं काम मिळालंय. बायकांना होणाऱ्या मारहाणीबद्दलच्या बारा गैरसमजुती घरोघरी वाचून दाखवायच्या आणि कुणाला किती पटतात ते आकड्यांत लिहायचं. सातवी बहुतेकांना पटते: ‘खरंच त्रास असता तर ती केव्हाच निघून गेली असती.’

काल कुणाचं घर निघालं, सांग? तुझ्या आधीच्या नवऱ्याचं, त्या मेल्याचं! दुसरं लग्न केलंय. मला ओळखलं नाही, तेव्हा मी दोन वेण्या घालायचे. बाराच्या बारा प्रश्नांना ‘अजिबात पटत नाही’ म्हणाला. वर मला ऐकवतो, बाईवर हात उगारतो तो पुरुषच नव्हे! तेवढ्यात बायको पाणी घेऊन आली. मनगट निळं पडलेलं. माझं डोकंच फिरलं. मी त्याचे सगळे आकडे उलटे लिहिणार आहे.

लोभ असू दे, आज थोडा रागही असू दे.
तुझी, ठमी

ता. ९ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि हातातलं शिवण टाकून लिहायला बसले. आकड्यांना हात लावू नकोस. कागदावर नावच नसतं, त्याचं काय वाकडं होणार, वेडाबाई? नोकरी मात्र तुझी जाईल. मला सूड हवाय, नऊ वर्षं हवाय, पण असला फुसका नको.

पुरुषाचं झालं की घरातल्या बाईला वेगळ्या दिवशी, एकटीला, दार लावून विचारायचं असतं ना? जा. बारा प्रश्न नीट विचार. मग पेन खाली ठेव आणि माझ्या शिवणाच्या दुकानाचा पत्ता दे. मी सात वेळा निघाले होते गं. सहा वेळा आपल्याच आईने परत त्याच्या दारात नेऊन सोडलं.

जपून राहा.
तुझी, ताई

ता. २ जुलै

चि. ठमीस,
अ. आ.

ती आली. एका पिशवीनिशी. काजं छान करते.

काल तो माग काढत दुकानात आला. गिऱ्हाइकांची ही गर्दी! सगळ्यांसमोर ओरडला, हिची नाटकं आहेत, खरंच त्रास असता तर दोन वर्षं राहिली असती का? तुझा सातवा प्रश्न, जसाच्या तसा! मी मशीन थांबवलं आणि सगळ्यांना विचारलं, याचं म्हणणं ज्यांना पटतं त्यांनी हात वर करावा. एकही हात वर गेला नाही. त्याचं तोंड असं उतरलं म्हणतेस! मी अगदी मन भरून बघितलं.

कोपऱ्यात आई बटणं लावत बसली होती. ती उठली, त्याला बाहेर ढकललं आणि दार लावून घेतलं. मी तिला अजून माफ केलेलं नाही.

तुझा लोभ आता माझ्यावर आणि माझ्या काजंवालीवरही असावा.
तुझी, ताई

ता. क. आईने दार इतक्या जोरात लावलं की कडी तुटली. आज तिने स्वतः जाऊन जाडजूड नवी आणलीय.