आधी हात धुवा

बाईसाहेब,

हे पत्र टपालात पडणार नाही. तुझे बाबा आलेलं प्रत्येक पत्र घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचतात. हे वाचलं, तर मला जावई म्हणून तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. आधी पोट दुखतंय म्हणालो. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आता खरं सांगा." मग सांगून टाकलं. खालची कातडी लाल झालीय, सोलवटतेय, आग होते. मला वाटलं होतं, भलताच रोग आहे आणि तो तुलाही लागेल. म्हणून तर बाहेरच्या खोलीत झोपत होतो, आणि जंतुनाशक साबणाने घासून घासून धूत होतो.

डॉक्टरांनी माझी बोटं पाहिली. "काम काय करता?"

"फर्निचरला पॉलिश."

"लघवीला जाऊन आल्यावर हात धुता?"

"न चुकता."

"आणि जाण्याआधी?"

अगं, थिनरचे हात! त्यात साबणाने आणखी वाट लावली. आता साबण बंद, नुसतं पाणी आणि एक मलम. बरंच उतरलंय. राहिलंच, तर रक्तातली साखर तपासू म्हणालेत.

उद्या मीच तुला न्यायला येतो, तेव्हा हे गुपचूप तुझ्या हातात देईन. माहेरी निघताना तू दारात विचारलंस, "माझा कंटाळा आला का?" आणि मी मठ्ठासारखा पॉलिशचा डबा ढवळत राहिलो. कंटाळा कसला गं, खाजत होतं.

तुझाच,
हात धुतलेला नवरा