मानाचं जॅकेट

कोपरी, ठाणे
५ जानेवारी २०२५

ती. शिवराममामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर सांगितलेलं तुम्ही हो-हो म्हणून विसरता, म्हणून हे पत्र.

तुमच्या सहलीच्या होड्यांसाठी बारा लाइफ जॅकेटं पाठवली आहेत. निवडायला दोन आठवडे लागले. आई म्हणाली, एवढा वेळ आलेल्या स्थळांना दे. प्रत्येक जॅकेटच्या आत ते किती किलोच्या माणसासाठी आहे ते छापलंय. वजन विचारूनच द्यावं. पट्टे आवळून खांद्याशी धरून वर ओढा. हनुवटीपर्यंत आलं तर ते मोठं आहे. पाण्यात जॅकेट वर येतं आणि माणूस खाली राहतो.

घरातली पहिली पदवीधर म्हणून मला सल्लागार केलंत, तर सल्ला ऐकावाही.

लोभाचे पट्टे घट्ट असू द्यावेत.
तुमची जागृती

मोहने
१२ जानेवारी

चि. जागृतीस अनेक आशीर्वाद.
जॅकेटं पोचली. तुझं पत्र जेवणानंतर सगळ्यांना वाचून दाखवलं. रंभामामी म्हणाली, पोरगी भाषण चांगलं लिहिते.

वजन विचारून बघितलं. शेजारच्या हेमाताई दोन दिवस बोलत नाहीयेत. मग मी सोपी पद्धत काढली. ज्याचा मान मोठा, त्याचं जॅकेट मोठं. सव्वीसला तुझे आजोबा फीत कापून पहिल्या फेरीला बसणार. त्यांना शंभर किलोवालं राखून ठेवलंय. लहान दाखवलं तर म्हणाले, चाळीस वर्षं कंपनीत राबलो ते म्हातारपणी झबलं घालायला नाही.

तू येच. मामी वाट बघतेय.
तुझा मामा

कोपरी
१६ जानेवारी

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. हे पत्र मोठ्यानं वाचू नका.

आजोबांचं वजन एकोणपन्नास किलो आहे. दिवाळीत दवाखान्यात मीच नेलं होतं. त्यांना पोहता येत नाही, आणि नदीला मान कळत नाही. माणसांना समजावलं की पटतं, असं मी मानते. तरी लिहिते: पन्नास किलोवाल्या जॅकेटवर ठळक अक्षरांत ‘अध्यक्ष’ रंगवून घ्या.

लिहिताना लाज वाटतेय. सव्वीसला मी येऊ शकत नाही. आमच्या शाळेत वैज्ञानिक दृष्टिकोनावर माझं भाषण आहे.

आजोबांना जपा, मग माझ्यावर रागवा.
जागृती

मोहने
२८ जानेवारी

चि. जागृतीस अनेक आशीर्वाद.
आधी हे वाच: तुझे आजोबा बरे आहेत.

‘अध्यक्ष’ वाचून त्यांनी जॅकेट स्वतःच ओढून घेतलं, पट्टेही आवळू दिले. फीत कापली, होडीत पाय टाकला आणि तोल जाऊन थेट पाण्यात. मी पोचेपर्यंत तोंड वर करून तरंगत होते, हातात कात्री तशीच. काठावर आणल्यावर पहिलं विचारलं ते फोटो आला का. शंभर किलोवालं घातलं असतं तर, हेच माझ्या डोक्यात.

आता अडचण अशी, की अध्यक्ष वाचले हे सगळ्या मोहन्यानं पाहिलं. ज्याला त्याला तेच जॅकेट हवंय. रविवारी एक माजी नगरसेवक सहकुटुंब येतायत, पंच्याण्णव किलो. मोठं देऊ म्हटलं तर फोनवरच रागावले. रंगाऱ्याला परत बोलावलंय. शंभर किलोवाल्यावर काय लिहू? अध्यक्षाच्या वरचं काहीतरी सुचव.

उत्तराला उशीर नको, माया आहेच.
मामा

कोपरी
३० जानेवारी

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. ‘संस्थापक’ लिहा. मधल्यांवर ‘प्रमुख पाहुणे’. साधा सभासद कुणालाच करू नका.

मुलांच्या जॅकेटांवर काही लिहू नका. ती अजून वजन खरं सांगतात.

तुमची सल्लागार,
जागृती