कापलेले चाळीस सेकंद

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. गुडघ्याविषयी विचारू नकोस. तू डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना?

बहुमाध्यम पत्रकारितेच्या या पदव्युत्तर वर्गात वाणीचा सुकाळ आणि श्रवणाचा दुष्काळ आहे. एका बातमीचे लेख, ध्वनिफीत, चित्रफीत असे तीन अवतार करतात. प्राणप्रतिष्ठा एकातही नाही. ऐकल्यावर मनन करायचे असते, हे कुणाच्या गावीही नाही.

परीक्षेसाठी मी कारखान्याच्या आगीत मुलगा गमावलेल्या एका आईची मुलाखत घेतली. "निघताना तो काय म्हणाला?" असे विचारल्यावर ती चाळीस सेकंद गप्प राहिली. मग म्हणाली, "दार लावून घे, म्हणाला."

संगणकात शांतता आपोआप कापणारे एक बटण असते. उतावळेपणाने मी ते दाबले. आता फितीत ती माउली दुकानात भाव सांगावा तशी तत्काळ उत्तर देते. आणि आमच्या प्राध्यापकांनी त्यालाच सर्वाधिक गुण दिले!

शांतता परत जोडतो म्हटल्यावर ते हसले. "आजोबा, चाळीस सेकंद कोण थांबतंय? जोडलीत तर नापास करीन हं."

या उथळांना मी मनसोक्त तुच्छ लेखले असते, पण बटणावरचे बोट माझे होते.

आज शांतता जोडून फीत देऊन आलो. पदवीविना परतलो, तर तुझ्या जावयांना काय सांगायचे ते तू ठरव. त्या आईला काय सांगायचे, हा प्रश्न मात्र आता मला उरला नाही.

तुझ्या आशीर्वादाचा भुकेला,
धाकटा