माशाला न चालणारं पाणी

कुमासी
शुक्रवार

आदरणीय वोफा अबेकूमामा यांना,

जे पाणी माशाला चालत नाही, ते माणसाला कसं चालतं? हा प्रश्न मला विचारला त्याला आज सोळा दिवस झाले आणि मला अजून उत्तर देता आलेलं नाही. पुस्तकात उत्तर आहे. फळ्यावर दोन ओळींत लिहूनही दाखवीन. पण ज्यांनी विचारलं त्यांच्या तोंडाकडे बघत देता येईल असं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि म्हणून हे पत्र.

पण आधी रीत. तुमचा गुडघा कसा आहे? होडीला नवा रंग दिलात असं आईने कळवलं. या खेपेला तरी नाव नीट लिहून घेतलंत ना? (मागच्या वेळी रंगाऱ्याने ‘धीर’ऐवजी ‘धूर’ लिहिलं आणि वर्षभर सगळा किनारा तुम्हाला चूल पेटली का म्हणून विचारत होता.) मी बरी आहे. उत्तरेकडचा धुळीचा वारा सुरू झालाय, ओठ फुटलेत, वह्यांवर बोटाने नाव लिहिता येतं एवढी धूळ बसते. शाळा ठीक. तुम्ही किनाऱ्यावर सगळ्यांना सांगितलंत की आमची आराबा माशांची डॉक्टर झाली, त्याचे पडसाद इथेही पोचलेत. परवा एक बाई कोंबडी घेऊन आली होती. घरातली पहिली पदवीधर असण्याचा हा एक त्रास आहे की पदवी कशाची आहे हे कुणी ऐकूनच घेत नाही.

आता मुद्दा. नाताळात मी आपामहून परत निघाले तेव्हा किल्ल्यामागच्या खडकांतल्या डबक्यांतून दोन पट्टेरी मासे आणि एक समुद्रफूल घेऊन आले, ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच डब्याच्या झाकणाला भोकं पाडून दिलीत आणि म्हणालात, “समुद्र किनारा सोडून कुठे राहत नाही गं पोरी.” माझ्या वर्गात एकेचाळीस मुलं आहेत, त्यांतल्या तिघांनी समुद्र पाहिलाय. बाकीच्यांना चित्र काढायला सांगितलं तर त्यांनी नळ काढला आणि खाली फार मोठी बादली. त्या दिवशी मी ठरवलं की मुलांना समुद्राकडे नेता येत नसेल तर थोडा समुद्र इकडे आणायचा. शाळेत विजेचा भरवसा नाही, म्हणून टाकी माझ्या खोलीच्या व्हरांड्यात ठेवली. ती बनवली एका काचवाल्याने, ज्याने आयुष्यभर बोफ्रोटचे तळलेले गोळे विकायच्या काचपेट्या बनवल्यात, त्यामुळे तिला मागे सरकतं दार आहे. (ते मी मेण लावून बंद केलं. तरी पहिल्या आठवड्यात दोघे जण माशांची किंमत विचारून गेले.)

मासे तगले. फूल उघडलं. (ते फूल नसून जिवंत प्राणी आहे हे मुलांना अजून पटत नाही.) मुलं दहा-दहाच्या टोळीने येऊन श्वास रोखून बघतात. अडचण एकच, आणि ती तुम्हाला समजावून सांगायला नको, कारण तुमच्या दारातल्या मिठागरात रोज तीच होते: पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. टाकीतून रोज तांब्याभर पाणी हवेत जातं, तेवढं गोडं पाणी रोज वर घालावं लागतं. पण त्या गोड्या पाण्यातही काही ना काही विरघळलेलं असतंच, आणि पाणी पुन्हा उडतं तेव्हा ते मागे राहतं. आजचं थोडं, उद्याचं थोडं. मग काचेवर शेवाळ चढतं, फूल मिटतं. म्हणून पाणी असं हवं की ज्याने सोबत काहीच आणलेलं नाही. असं पाणी गाळून देणारं यंत्र असतं, पण त्याच्या किमतीत माझ्यासकट टाकी विकत घेता येईल.

तुम्हाला माझा तो पेनाएवढा मीटर आठवतो? पाण्यात बुडवला की आत काय किती विरघळलंय त्याचा आकडा दाखवतो. आपामला मी तो समुद्रात बुडवला तेव्हा त्याचे आकडे संपले आणि तो कोराच झाला. तुम्ही हसून म्हणालात, “बघ, मोठ्यांसमोर गप्प बसायचं त्याला कळतं.” मला तेव्हा तो नुसता विनोद वाटला होता.

तर हा मीटर घेऊन मी शुद्ध पाण्याच्या शोधात निघाले. आधी गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी. मेकॅनिकने कोलाच्या बाटलीतून दिलं, आकडा सत्त्याण्णव. नळाचाही सत्त्याण्णवच. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, “मॅडम, आजवर एकाही बॅटरीने तक्रार केलेली नाही.” मग पावसाचं पाणी, पण पावसाला दोन महिने अवकाश. मग मला सुचलं की एसीच्या नळीतून ठिबकतं ते हवेतलंच पाणी. एका बँकेच्या मागच्या भिंतीशी बादली लावून उभी राहिले. पहारेकऱ्याने विचारलं, काय करतेस? म्हटलं, पाणी घेतेय. कुणाचं? आता याचं उत्तर सोपं नाही, वोफा. पाणी हवेतलं होतं, पण थंड बँकेने केलं होतं. मी हे समजावत असताना मॅनेजर आले. त्यांनी शांतपणे विचारलं, तुमचं खातं आहे का आमच्याकडे? नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग न ठेवता काढणार कसं?” तरी बिचाऱ्यांनी बादली भरू दिली. आकडा नऊ! मी नाचत घरी आले. संध्याकाळपर्यंत फूल मुठीसारखं आवळलं. पाणी तांब्याच्या नळीवरून आलं होतं. माणसाला ते पचतं, समुद्रफुलाला विष. मीटर किती आहे ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही, हे मला चार वर्षं शिकवलं होतं. त्या दिवशी कळलं, आणि दुर्दैवाने आठवडाभरात मी ते विसरलेही.

माझ्या घरमालकीणबाई आंटी आफ्रिये तुम्हाला आठवत असतील. मला पोचवायला आलात तेव्हा त्यांनी तुम्हाला थंड पाण्याच्या तीन पिशव्या दिल्या होत्या आणि पाहुण्याचं पाणी म्हणून हिशेबात धरल्या नव्हत्या. दाराशी फ्रीझर, त्यात ‘प्युअर वॉटर’ छापलेल्या पाण्याच्या पिशव्या, त्यावर त्यांचं घर चालतं. पहाटे झाडून घेतात, फ्रीझर पुसतात, आणि पहिली पिशवी रस्त्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याला फुकट. त्या दिवशी दुपारी दारात सात-आठ गिऱ्हाइकं होती. मी पिशवी घेतली, दाताने कोपरा तोडला, आणि (सवय, वोफा, नुसती सवय!) प्यायच्या आधी मीटर बुडवला. आणि मोठ्याने म्हणाले, “एकशे अडतीस! हे प्युअर नाहीये.”

मला म्हणायचं होतं, माझ्या टाकीसाठी नाहीये. पण वाक्याचा तो तुकडा माझ्या तोंडातच राहिला आणि उरलेलं रस्त्याला लागलं. संध्याकाळी चर्चमध्ये ते ‘एकशे अडतीस जंतू’ झालं होतं. दुसऱ्या दिवशी गाडीतळावर ‘एकशे अडतीस माणसं दवाखान्यात’. कुणी तरी पुस्ती जोडली, “मशीनने सांगितलंय. आणि मशीन चालवणारी पदवीधर आहे.” गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जाऊ लागली. (तिथेही त्याच कारखान्याच्या पिशव्या आहेत. ते कुणी बघत नाही.)

आंटी माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या व्हरांड्यात आल्या, टाकीसमोर बसल्या, मासे बघितले, हे पाणी माशांना चालत नाही एवढंच मला म्हणायचं होतं हे माझं ऐकून घेतलं आणि मग पत्राच्या सुरुवातीचा तो प्रश्न विचारला. मी क्षार, चुना असं काहीबाही सांगू लागले. माणसाला या पाण्याने काही होत नाही, हेही सांगितलं, आणि ते खरंच आहे. त्या म्हणाल्या, “तू हे मला सांगतेस. त्यांना काय सांगितलंस?” आणि उठून गेल्या.

पुढचं ऐका. शनिवारी आंटी फ्रीझर बंद करून आतलं बर्फ खरवडतात, बांकूचं पीठ शिजताना ढवळायच्या लाकडी पळीने. भिंतींवर साचलेलं ते पांढरं बर्फ गटारात पडलं, आणि मला राहवलं नाही, एक तुकडा उचलून वितळवला. आकडा चार! म्हणजे मी अख्खं गाव पालथं घातलं आणि शुद्ध पाणी माझ्या दारात, दर आठवड्याला बादलीभर, गटारात जात होतं. (फ्रीझर जितक्यांदा उघडेल तितकी दमट हवा आत जाते आणि भिंतीवर गोठते. तांबं नाही, क्षार नाही, काही नाही.) मी धावत गेले आणि आनंदाने सांगितलं की आंटी, कुमासीतलं सगळ्यात शुद्ध पाणी तुमच्याकडे आहे! त्यांनी पळी खाली ठेवली. म्हणाल्या, “म्हणजे मी विकते ते घाण आणि फेकते ते शुद्ध?”

वोफा, एवढं शिकून एका बाईला दोन वाक्यांत दोनदा दुखवता येतं.

आता गिऱ्हाईक नाही म्हणून फ्रीझर उघडत नाही, फ्रीझर उघडत नाही म्हणून बर्फ साचत नाही, आणि जे मूठभर साचतं ते आंटी माझ्या डोळ्यांदेखत केळीच्या बुंध्यात टाकतात. टाकीचं पाणी दोन बोटं खाली गेलंय. खरं सांगू? त्याचं मला तेवढं वाटत नाही. वाटतं ते त्या फ्रीझरचं झाकण दुपारभर मिटलेलं बघून. मी दारात उभी राहून तीन पिशव्या प्यायले, लोकांना दाखवून. लोक म्हणाले, तिला उतारा माहीत असेल. माफी मागायला गेले तर आंटी म्हणाल्या, “लेकरं माफी मागत नाहीत, लेकरांसाठी कुणीतरी मागतं. तुझं कुणी नाही का?”

बोलणं उडून जातं असं मी समजत होते. सोबत जे आणतं ते मागे राहतं, हे मिठागराशेजारी वाढलेल्या मुलीला कुणी सांगायला नको होतं.

आईला, मावश्यांना नमस्कार. होडीलाही.

तुमची भाची,
आराबा

ता. क. : तुमच्या ध्यानात आलंच असेल, तरी लिहिते. पाणी कुठे मिळेल हे मला विचारायचं नव्हतं. तुम्ही या. आंटींसमोर बसून माझ्यासाठी दोन शब्द बोला. सोबत तुमच्या हातची धुरी दिलेली मासळी आणा, ती त्यांना तुमच्यापेक्षाही जास्त आठवते असं वाटतं. (तुम्ही याल का असं मी त्यांना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, “तो तीन पिशव्यावाला?” आणि चक्क हसल्या.)

दुसरा ता. क. : मंगळवारी निघालात तर मला चालेल, त्या दिवशी समुद्राला सुट्टी असते आणि होडी बाहेर काढायची नसते. मी मंगळवारी जन्मले म्हणून तुम्ही मला ‘समुद्राची सुट्टी’ म्हणायचात. ‘एकशे अडतीस’ म्हणाले तो वारही मंगळवारच; सुट्टीच्या दिवशी तरी गप्प बसायला हवं होतं मी.

तिसरा ता. क., रविवार : पाकीट बंद करायचं राहिलं होतं, बरं झालं. काल शनिवारी दुपारी, बाजारातून माणसं परततात त्या वेळी, मी टाकी शेजारच्या दोघींच्या मदतीने उचलून आंटींच्या दाराशी नेली. रांग लावून उभी राहिले, म्हणजे माझी मीच रांग. तीन पिशव्या विकत घेतल्या. मीटर आणला नव्हता. लोक जमले, काही जण मासे बघायला, काही जण ते मरताना बघायला. आंटी म्हणाल्या, “वेडी झालीस? त्यांना चालत नाही म्हणालीस ना?” मी म्हटलं, “मोठ्यांनी दिलेलं चालवून घेतात, आंटी.” आणि एकेका पिशवीचा कोपरा दाताने तोडून तिन्ही टाकीत ओतल्या. मासे वर आले, पाणी पडलं तिथे घुटमळले, खाली गेले. फूल मिटलं. मग हळूहळू ते उघडलं, आणि मागून एक ड्रायव्हर म्हणाला, “मलाही एक द्या, थंड बघून.” फ्रीझरचं झाकण तासाभरात किती वेळा उघडलं ते मी मोजलं नाही.

या पाण्याने काही महिन्यांत काचेवर शेवाळ चढेल, हे मला माहीत आहे. ते ब्रशने घासून निघतं. तुम्ही मात्र याच. घासून निघत नाही ते मोठ्या माणसाच्या तोंडूनच निघायचं असतं. टाकी आता आंटींच्या दाराशीच राहील. मुलांना मी तसं सांगितलंय, आणि ब्रश घेतलाय.